आपली वेबसाइट लवकर उघडावी आणि शोधल्यावर सापडावी यासाठी काय करावे? – बचत गट, कारागीर आणि सूक्ष्म उद्योजकांसाठी माहिती

हे पान कोणासाठी आहे?

शासकीय योजनेच्या मदतीने व्यवसाय सुरू केलेल्या किंवा वाढवलेल्या, आणि मालाच्या विक्रीसाठी स्वतःची वेबसाइट तयार केलेल्या किंवा करून घेणाऱ्या लाभार्थींसाठी ही माहिती आहे. उदाहरणार्थ –

• पीएम विश्वकर्मा योजनेतील कारागीर (ही योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली असून तिच्यात १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश आहे)
• प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग उन्नयन योजनेतील, म्हणजेच पीएमएफएमईमधील, वैयक्तिक उद्योजक आणि गट
• राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानातील महिला बचत गट आणि त्यांचे संघ
• उद्यम नोंदणी केलेले इतर सूक्ष्म उद्योजक

आपण महाराष्ट्रात राहत असाल, गोव्यात, बेळगाव भागात, इंदूरला किंवा आणखी कुठे, खालील माहिती सर्वांना सारखीच लागू आहे. संगणकाचे शिक्षण नसले तरी चालेल. बहुतेक तपासण्या मोबाइलवर करता येतात आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत.

हे का महत्त्वाचे आहे?

प्रदर्शनात किंवा सरस मेळ्यात ग्राहक आपला माल घेतो, आवडला म्हणतो आणि कार्ड घेऊन जातो. महिन्याभराने त्याला पुन्हा नाचणीचे पापड हवे असतात. कार्ड सापडत नाही, म्हणून तो मोबाइलवर गटाचे नाव टाकून शोधतो. इथे तीन गोष्टी घडू शकतात. आपली वेबसाइट दिसते आणि लगेच उघडते; मग ऑर्डर मिळते. वेबसाइट दिसते पण पांढरा पडदाच दिसत राहतो. मग ग्राहक मागे जातो आणि दुसऱ्याची वेबसाइट उघडतो. किंवा आपली वेबसाइट शोधात येतच नाही. मग आपण आहोत हेच त्याला कळत नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात झालेले नुकसान आपल्याला दिसत नाही, कारण न आलेल्या ऑर्डरची नोंद कुठल्याच वहीत नसते. कर्जाचा हप्ता मात्र ठरलेल्या तारखेला भरावाच लागतो. म्हणून वेबसाइट 'तयार झाली' एवढ्यावर न थांबता ती उघडते का आणि सापडते का, हे आपण स्वतः तपासले पाहिजे.

भाग १ : वेबसाइट किती वेगाने उघडते, हे कसे तपासावे?

साधी तपासणी
१. ज्या मोबाइलवर आपली वेबसाइट पूर्वी उघडलेली नाही असा एखादा साधा फोन घ्या. आपल्या फोनवर ती लवकर उघडू शकते, कारण तिचे काही भाग फोनमध्ये आधीच साठवलेले असतात.
२. वाय-फाय बंद करून मोबाइल डेटा सुरू ठेवा.
३. वेबसाइट उघडा आणि मुख्य फोटो व वस्तूचे नाव दिसेपर्यंत किती सेकंद लागतात ते घड्याळात पाहा.

मोफत साधनाने तपासणी
'पेजस्पीड इनसाइट्स' हे गुगलचे मोफत साधन आहे. शोधाच्या चौकटीत हे नाव टाकले की ते सापडते. त्यात आपल्या वेबसाइटचा पत्ता भरून तपासणी करा. निकालात मोबाइल आणि संगणक असे दोन भाग असतात. आपले बहुतेक ग्राहक मोबाइलवरून येत असतील, तर मोबाइलचाच भाग महत्त्वाचा माना. ही चाचणी मध्यम क्षमतेचा फोन आणि धीमे ४जी नेटवर्क गृहीत धरून केली जाते. निकालात १०० पैकी गुण मिळतात.

• ९० ते १०० – चांगले
• ५० ते ८९ – सुधारणा हवी
• ० ते ४९ – खराब

प्रत्येक वेळी गुण थोडे बदलतात. म्हणून तीन वेळा तपासणी करून मधला आकडा धरावा. 'प्रत्यक्ष वापरकर्त्यांचा अनुभव' हा वरचा भाग रिकामा दिसला तर काळजी करू नका. नव्या किंवा कमी भेटी असलेल्या वेबसाइटसाठी तेवढी माहिती जमलेली नसते.

गुगल तीन गोष्टी मोजते. त्यांना एकत्रितपणे 'कोअर वेब व्हायटल्स' म्हणतात.

१. मुख्य भाग दिसायला लागणारा वेळ : पडद्यावरचा सर्वांत मोठा फोटो किंवा मजकूर २.५ सेकंदांच्या आत दिसावा.
२. प्रतिसाद : बटण दाबल्यावर २०० मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या भागात, पडद्यावर काहीतरी घडावे.
३. स्थिरता : पान उघडताना मजकूर खालीवर सरकू नये. याचे मोजमाप ०.१ किंवा त्यापेक्षा कमी असावे. ग्राहक 'ऑर्डर द्या' दाबायला जातो, तेवढ्यात वर फोटो येऊन बटण खाली सरकते आणि भलतेच काही दाबले जाते, तो दोष हाच.

भाग २ : वेबसाइट धीमी का होते आणि उपाय काय?

फोटो – सर्वांत मोठे कारण
हिशेब करून पाहू. मोबाइलने काढलेला एक फोटो साधारण ४ एमबीचा आहे आणि मुख्य पानावर असे १२ फोटो आहेत असे समजा. एकूण ४८ एमबी झाले. ग्राहकाच्या गावात नेटवर्कचा वेग सेकंदाला २ मेगाबिट असेल, तर हे सर्व फोटो उतरायला १९२ सेकंद, म्हणजे तीन मिनिटांहून अधिक वेळ लागेल. एवढा वेळ कोणी थांबत नाही. शिवाय तेवढा डेटा ग्राहकाच्या पॅकमधून खर्च होतो.

तेच फोटो प्रत्येकी १५० केबीचे केले, तर १२ फोटोंचे मिळून १.८ एमबी होतात आणि साधारण ७ सेकंद लागतात. त्यातही पडद्यावर सुरुवातीला दिसणारे दोनच फोटो आधी आणि बाकीचे ग्राहक खाली सरकेल तसे आणले, तर पहिला पडदा सव्वा सेकंदाच्या आसपास दिसू शकतो. माल तोच, फोटो तेच. फरक फक्त आकाराचा आहे.

यासाठी पुढील गोष्टी करा :
• फोटोची रुंदी १२०० पिक्सेलपर्यंत कमी करा. मोबाइलच्या पडद्यासाठी ती पुरेशी असते.
• 'स्कूश' हे गुगलचे मोफत साधन ब्राउझरमध्येच चालते. त्यात फोटो टाकून 'वेबपी' या प्रकारात जतन करा. त्याच दर्जाच्या जेपीईजी फोटोपेक्षा त्याचा आकार सहसा कमी भरतो.
• हे जमत नसेल तर फोटो साध्या पद्धतीने व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा आणि तिथून उतरवून घ्या. त्याचा आकार आपोआप बराच कमी होतो. मात्र एचडी किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवू नका.
• वेबसाइट तयार करणाऱ्याला सांगा, की खालच्या फोटोंना 'लेझी लोडिंग' लावा आणि प्रत्येक फोटोची रुंदी-उंची कोडमध्ये लिहा. रुंदी-उंची लिहिल्याने वर सांगितलेले सरकणेही थांबते. मात्र सर्वांत वरच्या मुख्य फोटोला लेझी लोडिंग लावू नये, नाहीतर तोच उशिरा येतो.

सरकते फोटो, व्हिडिओ आणि ॲनिमेशन
मुख्य पानावर आपोआप सरकणारे पाच मोठे फोटो लावण्याची पद्धत आहे. ग्राहक बहुधा पहिलाच पाहतो, पण पाचही उतरवले जातात. एकच चांगला फोटो ठेवा. व्हिडिओ दाखवायचा असेल तर तो आपोआप सुरू होणारा नसावा. व्हिडिओच्या जागी एक लहान चित्र ठेवून, ते दाबल्यावरच व्हिडिओ उघडेल अशी सोय करून घ्या.

मराठी फॉन्ट
देवनागरीत जोडाक्षरे आणि मात्रांमुळे आकृत्या खूप असतात, त्यामुळे देवनागरी फॉन्टची फाइल रोमन फॉन्टपेक्षा साधारणपणे मोठी असते. शोभेसाठी तीन-चार फॉन्ट लावले तर प्रत्येकाची फाइल ग्राहकाच्या फोनवर उतरते. एकच फॉन्ट, साधा आणि ठळक अशा दोनच प्रकारांत वापरा. 'मुक्त' आणि 'नोटो सान्स देवनागरी' हे फॉन्ट मोफत आहेत. त्याहून सोपे म्हणजे ग्राहकाच्या फोनमधलाच देवनागरी फॉन्ट वापरणे. मग काहीच उतरवावे लागत नाही.

मजकुरामुळे मात्र वेबसाइट धीमी होत नाही. युनिकोडमध्ये साठवताना देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. हजार शब्दांचा मजकूर लिहिला तरी तो २० केबीच्या आसपासच राहतो. एका फोटोपेक्षाही ते कमी आहे. म्हणून वजन कमी करण्यासाठी माहिती काढून टाकू नका; फोटो लहान करा.

जादा प्लगइन
वर्डप्रेसवर तयार केलेल्या वेबसाइटमध्ये अनेक प्लगइन लावलेले असतात : भेटींचा आकडा दाखवणारे, सण आला की पडद्यावर फुले पाडणारे, चॅटची खिडकी उघडणारे. जे लागत नाही ते बंद करून काढून टाका. कॅशिंगची सोय करणारे एक प्लगइन मात्र उपयोगी पडते. ते तयार पान साठवून ठेवते, त्यामुळे प्रत्येक ग्राहकासाठी पान नव्याने बनवावे लागत नाही.

होस्टिंग
वेबसाइट ज्या सर्व्हरवर ठेवलेली असते तो परदेशात असेल तर माहितीला लांबचा प्रवास करावा लागतो. आपले ग्राहक भारतातच असतील तर भारतातील सर्व्हर मागा. एकाच स्वस्त सर्व्हरवर फार वेबसाइट असतील तरीही वेग कमी होतो. फोटो लहान करूनही पहिला प्रतिसाद यायलाच उशीर होत असेल, तर दोष बहुधा होस्टिंगमध्ये आहे.

भाग ३ : शोधल्यावर वेबसाइट का दिसत नाही?

गुगलसारखी शोध यंत्रणा तीन टप्प्यांत काम करते. आधी ती वेबसाइटवर येऊन पाने वाचते. नंतर वाचलेल्या पानांची आपल्या सूचीत नोंद घेते. शेवटी कोणी काही शोधले, की सूचीतून जुळणारी पाने काढून क्रमाने दाखवते. आपले पान सूचीतच नसेल तर ते कितीही चांगले असले तरी दिसणार नाही. म्हणून आधी नोंद तपासा आणि मग क्रमाचा विचार करा.

नोंद झाली आहे का?
गुगलच्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत 'साइट' हा शब्द, लगेच कोलनचे चिन्ह आणि जागा न सोडता आपल्या वेबसाइटचा पत्ता लिहून शोधा. आपली पाने दिसली तर नोंद झाली आहे. एकही पान दिसले नाही तर पुढील गोष्टी पाहा.

१. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये 'रीडिंग' या विभागात, शोध यंत्रांनी ही साइट नोंदवू नये अशी विनंती करणारी एक चौकट असते. वेबसाइट तयार होत असताना ती खूण केलेली असते आणि काम संपल्यावर काढायची राहून जाते. ती काढा. एवढ्या एका खुणेमुळे वेबसाइट महिनोन्महिने अदृश्य राहू शकते.
२. 'गुगल सर्च कन्सोल' या मोफत सेवेत आपल्या वेबसाइटची मालकी सिद्ध करा आणि साइटमॅप, म्हणजे सर्व पानांची यादी, सादर करा. एखाद्या पानाची नोंद का झाली नाही याचे कारणही तिथे कळते.
३. नवीन पानाची नोंद व्हायला काही दिवस ते काही आठवडे लागू शकतात. रोज पुन्हा पुन्हा विनंती केल्याने ती लवकर होत नाही.

मोबाइलवरची आवृत्तीच पाहिली जाते
गुगल आता वेबसाइटची मोबाइलवर दिसणारी आवृत्ती वाचून नोंद घेते. संगणकावर सर्व माहिती आहे, पण मोबाइलवर जागा कमी म्हणून भाव किंवा वर्णन लपवले आहे, असे करू नका.

मराठी मजकूर युनिकोडमध्येच हवा
मराठी वेबसाइटमध्ये हा दोष वारंवार आढळतो. लेबल किंवा पत्रक छापताना डीटीपी केंद्रात मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. तो तसाच वेबसाइटवर टाकला तर शोध यंत्राला मराठी शब्द नव्हे, तर निरर्थक रोमन अक्षरे आणि चिन्हे दिसतात. मग 'नाचणी पापड' शोधणाऱ्याला आपले पान कधीच दिसणार नाही. तपासण्यासाठी वेबसाइटवरचा एक मराठी शब्द निवडून कॉपी करा आणि व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करा. तिथे मराठी शब्दच दिसला तर युनिकोड आहे. चित्रविचित्र अक्षरे दिसली तर मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. त्यासाठी रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत; मात्र रूपांतरानंतर जोडाक्षरे आणि रफार एकदा वाचून तपासा.

शब्द निवडताच येत नसेल, तर मजकूर चित्राच्या रूपात आहे. जाहिरातीसारखा बॅनर बनवून त्यातच वस्तूचे नाव, भाव आणि फोन क्रमांक लिहिलेला असतो. चित्रातली अक्षरे शोधात उपयोगी पडतील याचा भरवसा नसतो. दृष्टिहीन ग्राहकांच्या फोनमधील वाचक सॉफ्टवेअरलाही ती सहसा वाचता येत नाहीत. नाव, भाव, पत्ता आणि फोन क्रमांक नेहमी टाइप केलेल्या मजकुरातच ठेवा. तसेच प्रत्येक फोटोसाठी थोडक्यात पर्यायी मजकूर लिहा, जसे 'नाचणीचे पापड, ५०० ग्रॅमचे पाकीट'.

भाग ४ : शोधात वर येण्यासाठी काय लिहावे?

प्रत्येक वस्तूसाठी वेगळे पान करा आणि वेगळे शीर्षक द्या
सर्व पानांचे शीर्षक 'मुख्य पान' किंवा नुसते गटाचे नाव असेल, तर कुठल्या पानावर काय आहे ते शोध यंत्राला समजत नाही. शीर्षकात वस्तू, तिचा प्रकार आणि गाव यावे.

उदाहरण : कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांसाठी आहे. बेळगाव जिल्ह्यातील अथणीचा कारागीर आपल्या पानाला 'उत्पादने' असे शीर्षक देण्याऐवजी 'पुरुषांची कोल्हापुरी चप्पल – हाताने शिवलेली, अथणी' असे देऊ शकतो. पानावर चामड्याचा प्रकार, मापे, भाव, बनवायला लागणारे दिवस, पाण्यापासून चप्पल कशी जपावी आणि माप चुकल्यास बदलून मिळते का, हे लिहावे. ग्राहक फोन करून जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरे पानावर असणे, हीच चांगल्या मजकुराची सोपी कसोटी आहे.

लोक जो शब्द वापरतात तो लिहा
एकाच वस्तूला निरनिराळ्या भागांत निरनिराळी नावे असतात. नाचणीला नाशिककडे नागली म्हणतात, तर कर्नाटकात ती रागी असते. वरईला कुठे वरी, तर कुठे भगर म्हणतात. वर्णनात ही नावे एकेकदा सहज येऊ द्या : 'नाचणी, म्हणजेच नागली किंवा रागी, दळून केलेले पापड'. अनेक जण मराठी नाव इंग्रजी अक्षरांत टाइप करून शोधतात, म्हणून वस्तूचे नाव एकदा इंग्रजी अक्षरांतही असावे. तोच शब्द पन्नास वेळा लिहून मात्र फायदा नाही. असा मजकूर ग्राहकाला वाचवत नाही आणि गुगलच्या नियमांनुसार तो गैरप्रकारात मोडतो.

दुसऱ्या वेबसाइटवरचे वर्णन जसेच्या तसे उचलू नका. आपल्या मालाचे आपल्या शब्दांतले साधे वर्णन अधिक उपयोगी ठरते.

गुगल बिझनेस प्रोफाइल तयार करा
नकाशावर आणि 'जवळचे दुकान' अशा शोधात दिसण्यासाठी ही मोफत नोंद उपयोगी आहे. नाव, वेळ, फोन, फोटो आणि वेबसाइटचा पत्ता भरा. घरूनच काम करणाऱ्या महिलांना घराचा पत्ता सर्वांना दाखवायचा नसेल, आणि ग्राहक घरी न येता माल पोहोचवला जात असेल, तर पत्ता लपवून फक्त सेवेचा परिसर दाखवता येतो. समाधानी ग्राहकांना अभिप्राय लिहिण्याची विनंती करा. पैसे देऊन खोटे अभिप्राय घेऊ नका. ते काढले जातात आणि आपल्या नोंदीवर निर्बंधही येऊ शकतात.

सुरक्षित पत्ता
वेबसाइटचा पत्ता 'एचटीटीपीएस'ने सुरू व्हायला हवा. तसे नसेल तर ब्राउझर 'सुरक्षित नाही' असा इशारा दाखवतो आणि ग्राहक पैसे भरायला कचरतो. यासाठी लागणारे प्रमाणपत्र 'लेट्स एन्क्रिप्ट' या संस्थेकडून मोफत मिळते आणि बरेच होस्टिंगवाले ते विनामूल्य लावून देतात.

वेग वाढवला की क्रम वर जातो का?
वेगाचा विचार क्रम ठरवताना होतो, पण सर्वांत मोठे वजन मजकूर शोधाशी किती जुळतो याला असते. वेगवान पण रिकामी वेबसाइट वर येत नाही. वेगाचा खरा फायदा हा, की आलेला ग्राहक थांबतो.

भाग ५ : वेबसाइट करून घेताना घ्यायची काळजी

१. डोमेन म्हणजे वेबसाइटचे नाव. ते आपल्या किंवा गटाच्या नावावर, आपल्या ईमेल आणि मोबाइल क्रमांकावर नोंदवलेले असावे. ते तयार करणाऱ्याच्या नावावर असेल, तर पुढे वाद झाल्यास पाकिटांवर छापलेला पत्ताच हातातून जातो. देवनागरीत पत्ता हवा असल्यास '.भारत' हे डोमेन २०१४ पासून उपलब्ध आहे. सोबत रोमन अक्षरांतील पत्ताही घेतल्यास सोयीचे होते.
२. डोमेन, होस्टिंग, वेबसाइट आणि सर्च कन्सोल यांचे लॉगिन गटाकडे असावेत. ते गटाच्या दप्तरात सुरक्षित ठेवा. पदाधिकारी बदलले तर पासवर्ड बदला.
३. दरवर्षी नूतनीकरणाचा खर्च किती, हे आधी लेखी घ्या. पहिल्या वर्षीचा भाव कमी आणि दुसऱ्या वर्षीचा जास्त असू शकतो.
४. सर्व रक्कम आगाऊ देऊ नका. शेवटचा हप्ता मोबाइलवरील वेगाची तपासणी आणि सर्च कन्सोलमधील नोंदणी पूर्ण झाल्यावर द्यावा, अशी अट घाला.

फसवणुकीपासून सावध राहा

'आम्ही गुगलमधून बोलतो, इतके पैसे भरा, तुमची वेबसाइट पहिल्या क्रमांकावर आणतो' असे फोन व्यावसायिकांना येतात. लक्षात ठेवा :

• गुगलच्या साध्या शोध निकालात नोंद होण्यासाठी किंवा वरचा क्रम मिळण्यासाठी गुगल पैसे घेत नाही. पैसे देऊन मिळते ती जाहिरात, आणि ती जाहिरात म्हणूनच दाखवली जाते.
• पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही. हे गुगलने स्वतः स्पष्ट केलेले आहे.
• उद्यम नोंदणी पूर्णपणे मोफत आहे. वेबसाइटसोबत 'उद्यम फी' मागणाऱ्यास पैसे देऊ नका.
• ओटीपी, यूपीआय पिन किंवा पासवर्ड कोणालाही सांगू नका.

पैसे गेले असतील तर उशीर न करता राष्ट्रीय सायबर गुन्हे मदत क्रमांक १९३० वर फोन करा आणि आपल्या बँकेलाही कळवा.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न : वेबसाइटच्या खर्चासाठी योजनेतून मदत मिळते का?
उत्तर : पीएमएफएमई योजनेत ब्रँडिंग आणि विपणनासाठी खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत मदतीची तरतूद आहे, मात्र ती शेतकरी उत्पादक संस्था, बचत गट, सहकारी संस्था अशा गटांसाठी आहे, एकट्या उद्योजकासाठी नाही. पीएम विश्वकर्मा योजनेत विपणनासाठी साहाय्य दिले जाते, पण ते गुणवत्ता प्रमाणपत्र, ब्रँडिंग, ई-कॉमर्स आणि जेम पोर्टलशी जोडणी अशा स्वरूपाचे असते. लाभार्थीच्या खात्यात रोख रक्कम येत नाही. खर्च करण्यापूर्वी योजनेची सध्याची स्थिती आणि अटी संबंधित कार्यालयात विचारा. आधी खर्च करून नंतर मंजुरी मिळेल असे गृहीत धरू नका.

प्रश्न : आमचा माल ई-सरस किंवा जेमवर आहे. तरी वेगळी वेबसाइट हवी का?
उत्तर : हवीच असे नाही. ऑर्डर तिथूनच पुरेशा येत असतील तर तिथले फोटो आणि वर्णन सुधारण्यावर भर द्या. लोकांना युनिकोड मजकूर, स्पष्ट शीर्षक आणि प्रचलित नावे तिथेही उपयोगी पडतात. सुरुवातीला फक्त गुगल बिझनेस प्रोफाइलवरही काम भागू शकते.

प्रश्न : वेबसाइट मराठीत असावी की इंग्रजीत?
उत्तर : ग्राहक ज्या भाषेत शोधतात त्या भाषेत असावी. दोन्ही हव्या असतील तर प्रत्येक भाषेचे पान आणि पत्ता वेगळा ठेवा आणि त्यांना एकमेकांच्या लिंक द्या. यंत्राने केलेले भाषांतर न वाचता प्रसिद्ध करू नका. भाव, वजन आणि खाद्यपदार्थातील घटक यांत चूक राहिली तर तक्रार आपल्याकडे येईल.

प्रश्न : जाहिरात दिल्यास साध्या निकालातही क्रम वर जातो का?
उत्तर : नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. जाहिरात बंद केली की ती दिसणे थांबते.

प्रश्न : 'कीवर्ड टॅग' भरून देण्याचे वेगळे पैसे मागतात. द्यावेत का?
उत्तर : नाही. क्रम ठरवताना हा टॅग वापरला जात नाही, असे गुगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे.

प्रश्न : फरक केव्हा दिसेल?
उत्तर : फोटो लहान केल्यावर वेग लगेच सुधारतो. शोधातील बदल दिसायला काही आठवडे ते काही महिने लागू शकतात. सर्च कन्सोलमध्ये आपले पान किती वेळा दिसले, किती जणांनी उघडले आणि कोणते शब्द टाकून ते शोधले, हे महिन्यातून एकदा पाहा. लोक ज्या शब्दांनी येतात ते आपल्या वर्णनात आहेत का, हेही तपासा.

दर तीन महिन्यांनी तपासण्याची यादी

• साध्या फोनवर, मोबाइल डेटावर मुख्य पान लवकर उघडते का?
• नवीन टाकलेले फोटो लहान केलेले आहेत का?
• भाव, फोन क्रमांक आणि संपलेला माल यांची माहिती अद्ययावत आहे का?
• मजकूर कॉपी करून पेस्ट केल्यावर मराठीच दिसतो का?
• आपले आणि वस्तूचे नाव टाकल्यावर वेबसाइट शोधात येते का?
• डोमेन आणि होस्टिंगची मुदत केव्हा संपते?

मदत कोठे मिळेल?

बचत गटांनी आपल्या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या तालुका कक्षाशी, पीएमएफएमई लाभार्थींनी जिल्हा संसाधन व्यक्तीशी आणि इतर उद्योजकांनी जिल्हा उद्योग केंद्राशी संपर्क साधावा. तांत्रिक कामासाठी गटातील किंवा गावातील, मोबाइल सराईतपणे वापरणाऱ्या मुलामुलींची मदत घेता येईल. त्यांना हे पान दाखवा आणि फोटो लहान करण्यापासून सुरुवात करा.

महत्त्वाची सूचना : योजनांच्या अटी आणि मुदती वेळोवेळी बदलतात. अर्ज करण्यापूर्वी संबंधित योजनेच्या अधिकृत पोर्टलवरील माहिती पाहावी.